स्पोर्ट्स कारचे टायर : आतून तार दिसतेय, एकाला फुगा आलाय. किती बदलायचे, कसे बदलायचे?

वळणदार

गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे. पुढे २४५/३५ झेडआर१९ (९३वाय), मागे २७५/३५ झेडआर१९ (१००वाय). सध्याची अवस्था अशी:

मागच्या दोन्ही टायरची नक्षी (रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या खाचा) मधोमध ४ मिमी खोल आहे. बाहेरून बघितलं तर अजून बरेच चालतील असं वाटतं. गाडी उचलल्यावर मात्र आतल्या कडेला बोटभर पट्टा पूर्ण गोटा झालेला दिसतो आणि डाव्या टायरला एका जागी तार उघडी पडली आहे. पुढच्या उजव्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर सुपारीएवढा फुगा आहे. पुढची नक्षी ५ मिमी. चारही टायरवर तारखेचा शिक्का ३११९.

मागची जोडी गेली हे कळतंय. पुढचा एकच बदलावा, दोन्ही की चारही? आणि टायर बसवून घेताना समोर उभं राहून नेमकं काय बघायचं?

---

रबरमापक

आधी हे: या अवस्थेत गाडी चालवू नका. दुकानापर्यंतही टोइंगच्या गाडीने उचलून न्या. तार उघडी पडली म्हणजे रबराखालचा पोलादी पट्टा पाणी आणि हवा खातो, गंजतो, आणि वेगात पट्टा रबरापासून सुटतो. फुग्याचं त्याहून वाईट. खड्ड्याच्या काठावर रिम आणि दगड यांच्यामध्ये भिंत चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि तिथे हवेला अडवायला फक्त रबर उरतं. फुगा दुरुस्त होत नाही. कोणी आतून पॅच लावून देतो म्हणाला तरी नको म्हणा.

किती बदलायचे याचं माझं उत्तर चारही असं आहे, आणि ते तारखेवरून. ३११९ म्हणजे २०१९चा ३१वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपलीकडे नक्षी कितीही शिल्लक असली तरी वापरू नये, असं टायर उत्पादक सांगतात. अनेक कार उत्पादक सहा वर्षांवरच बदला म्हणतात. स्पोर्ट्स कार कमी चालते, जास्त उभी असते. त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रबर कडक होतं, नखाने दाबलं तर खूण उमटत नाही, नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसतात. नोव्हेंबर २०१३मध्ये कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला. तपासात वेग हे मुख्य कारण ठरलं, पण टायर नऊ वर्षं जुने होते याचीही नोंद झाली.

चारही जमत नसतील तर किमान नियम: एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढे दोन्ही किंवा मागे दोन्ही, जोडी. पुढे एक ५ मिमीचा जुना आणि एक ८ मिमीचा नवा असं ठेवलं तर जोरात ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच.

---

टो_आणि_कॅम्बर

रबरमापक यांच्याशी सहमत, पण जुने टायर काढण्याआधी एक काम करा, नाहीतर नव्या जोडीचीही हीच गत होईल. जुना टायर वाचा.

मधोमध ४ मिमी आणि आत तार, हे हवेच्या दाबामुळे होत नाही. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. फक्त आतली कड खाल्ली जाते तेव्हा लोक लगेच कॅम्बरला, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलाला, दोष देतात. स्पोर्ट्स कारला मागे दीड-दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत) मुद्दाम दिलेला असतो, वळणावर टायर सपाट टेकावा म्हणून. तेवढ्या कॅम्बरने आतली कड थोडी लवकर झिजते, पण इतक्या लवकर तार येत नाही. तार आणतो तो टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाची पुढची बाजू किती आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळली आहे ते.

हिशेब करून बघा. एका चाकाचा टो फक्त १० मिनिटांनी, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाने चुकला, तर ते चाक दर किलोमीटरमागे सुमारे ३ मीटर आडवं ओढलं जातं. कॅम्बरमुळे वजन आधीच आतल्या कडेवर आहे. मग सगळी घासाघास त्याच बोटभर पट्ट्यात होते.

आता तळहात नक्षीवर आडवा फिरवा. आतून बाहेर नेताना धार हाताला लागली आणि उलट दिशेने गुळगुळीत वाटलं, तर टो-इन जास्त आहे. बाहेरून आत येताना धार लागली तर टो-आउट. मागच्या चाकाला टो-आउट निघाला तर चाक धरणाऱ्या आर्मचे बुश (रबरी सांधे) आधी तपासा. बुश फाटला की उभ्या गाडीवर माप बरोबर येतं आणि ब्रेक लावल्यावर चाक बाहेर वळतं. स्प्रिंग कापल्या असतील किंवा गाडीची उंची कमी करून घेतली असेल तर कॅम्बर आणि टो दोन्ही हलले असणार.

तार जिथे आहे तिथे हात फिरवू नका, पोलादाचे काटे बोटात घुसतात. जाड हातमोजे घाला.

---

वळणदार

हात फिरवून बघितला. आतून बाहेर नेताना धार लागते, दोन्ही मागच्या टायरांना. म्हणजे टो-इन. पुढच्या टायरांना तसं काही नाही.

पुढचा प्रश्न: मागे २८५ घातले तर चालतील का? आणि सध्याच्या टायरवर गाडीच्या कंपनीची खूण आहे, ती नव्यावर असलीच पाहिजे का?

---

आकडेवाला

भिंतीवरचा प्रत्येक आकडा बघून घ्या.

२७५ ही मिमीमध्ये रुंदी. ३५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे ९६ मिमी. १९ इंच रिम. १०० हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ८०० किलो. पुढच्या ९३चा अर्थ ६५० किलो. वाय म्हणजे ३०० किमी प्रतितास, डब्ल्यू २७०, व्ही २४०. वाय कंसात असेल तर ३००च्या वरही चालतो. मूळ टायरपेक्षा खालचा भार किंवा खालचा वेग कधीच घेऊ नका. एक्सएल (जास्त भार घेणारा टायर) लिहिलं आहे का तेही बघा. त्याशिवाय त्याच मापात भार निर्देशांक कमी येतो.

२८५/३५ केलात तर भिंतही ३.५ मिमीने वाढते आणि चाकाचा व्यास ७ मिमीने. मागचा व्यास वाढला, पुढचा तसाच राहिला, की एबीएस आणि स्थिरता नियंत्रणाला पुढे-मागे वेगळा वेग दिसतो. शिवाय वळणावर चाक दाबलं गेलं की कमानीच्या आतल्या कडेला घासण्याची शक्यता. रुंद टायर अरुंद रिमवर घातला तर भिंत आत झुकते, नक्षी फुगीर टेकते आणि स्टीअरिंगचा नेमकेपणा जातो. मूळ मापच घाला.

खुणेबद्दल: पोर्शे एन०, एन१ अशी, बीएमडब्ल्यू तारा, मर्सिडीझ एमओ, ऑडी एओ, फेरारी के. त्याच नावाचा टायर खुणेसह आणि खुणेशिवाय आतून वेगळा असू शकतो, म्हणजे रबराचं मिश्रण, भिंतीचा कडकपणा, कधी नक्षीसुद्धा. वॉरंटीत असलेल्या गाडीला खुणेचाच घ्या. खुणेशिवाय घ्यायचा असेल तर चारही एकाच मॉडेलचे. पुढे खुणेचे आणि मागे बिनखुणेचे असं मिश्रण मात्र टाळा. हाताळणीचा तोल पुढच्या आणि मागच्या पकडीच्या गुणोत्तरावर बसवलेला असतो.

---

चौचाकओढ

हा धागा वाचणाऱ्या चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांच्या मालकांसाठी: तुम्हाला "जोडी पुरे" हा नियम पुरत नाही.

२४५/३५ आर१९ चा घेर साधारण २०५५ मिमी. ३ मिमी नक्षी झिजली की घेर जवळपास १९ मिमीने कमी होतो. म्हणजे दर किलोमीटरला झिजलेलं चाक साडेचार फेरे जास्त फिरतं. हा फरक पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये पडला तर मधला क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहतो, तेल तापतं आणि ट्रान्सफर केसचा (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या भागाचा) खर्च टायरच्या कितीतरी पट येतो. सुबारू घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे ६.४ मिमीच्या आत ठेवायला सांगते. ते नक्षीत मोजलं तर जेमतेम १ मिमी.

मागच्या चाकांवरच्या गाडीत एलएसडी (एका चाकाला मोकळं घसरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर डाव्या-उजव्या टायरला हाच तर्क लागू. एकच टायर बदलला तर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही काम करत बसतं.

---

गोलगोल

तार आलेल्याचा प्रश्न संपला. पण चांगल्या टायरला खिळा लागला तर? नक्षीतून पंक्चरची रबरी स्ट्रिप ढकलली की हवा धरते. त्यासाठी एवढा महाग टायर फेकायचा?

---

रबरमापक

फेकायचा नाही, पण स्ट्रिपवर थांबायचंही नाही. स्ट्रिप बाहेरून ढकलतात. खिळ्याने आत काय केलं ते कोणी बघितलेलंच नसतं. हवा कमी असताना गाडी काही किलोमीटर चालली असेल तर भिंत आतून रगडली जाते. टायर उतरवल्यावर आत काळी रबराची पूड आणि भिंतीवर गोल फिरलेली रेघ दिसते. असा टायर गेला, भोक कितीही छोटं असो.

आतून काही झालेलं नसेल, भोक ६ मिमीच्या आत असेल आणि नक्षीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात असेल, तर आतून मशरूम प्लग बसवता येतो. देठ भोक भरतो, छत्री आतला हवाबंद थर जोडते. नुसता पॅच लावला तर भोकातून पाणी पोलादी पट्ट्यापर्यंत जातं. खांदा आणि भिंत यांना दुरुस्ती नाही. आणि दुरुस्त केलेल्या वाय टायरवर पुन्हा ३००चा भरवसा धरू नका. काही उत्पादक अशा टायरची दुरुस्ती मान्यच करत नाहीत. ट्रॅकवर जाणार असाल तर दुरुस्त टायर लावूच नका.

---

जॅकखाली

वळणदार, चाकं घरी काढून दुकानात नेणार असाल तर क्रम असा ठेवा.

गाडी जमिनीलगत असल्याने साधा जॅक शिरत नाही. आधी चाकं दीड-दोन इंच जाड लाकडी फळ्यांवर चढवा, मग लो-प्रोफाइल ट्रॉली जॅक. जॅकच्या तबकावर रबरी पक (जाड चकती) ठेवा आणि तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या मजबूत जागीच लावा. सिलच्या (दाराखालच्या कडेच्या) पत्र्याला लावला तर पत्रा दुमडतो. एअर सस्पेन्शन असेल तर जॅक मोड चालू करा, नाहीतर उचलताना गाडी स्वतःची उंची सावरायला बघते. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट पाव फेरा सैल करा. उचलल्यावर स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नका.

नटाऐवजी बोल्ट असलेल्या गाडीत पहिला वरचा बोल्ट काढला की त्या भोकात गाइड पिन फिरवा. हे छोटं काम आहे, पण ब्रेकची डिस्क सिरॅमिक असेल तर अनिवार्य. शेवटचा बोल्ट निघाला की चाक खाली घसरतं आणि रिमची आतली कड डिस्कच्या काठावर आपटते. सिरॅमिकचा टवका उडाला तर डिस्क गेली. पिन असेल तर चाक तिच्यावर लटकतं आणि सरळ बाहेर ओढता येतं. बसवतानाही तसंच.

परत लावताना हबचा आणि रिमचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाची खपली मध्ये राहिली तर टॉर्क बरोबर लागूनही काही किलोमीटरनंतर ती चुरडते आणि बोल्ट सैल होतो. बोल्ट आधी हाताने फिरवा, मग एक सोडून एक असे ताऱ्याच्या आकारात. शेवटचा ताण टॉर्क रेंचनेच, चाक जमिनीवर टेकल्यावर. बऱ्याच गाड्यांना १२० ते १६० न्यूटन-मीटर लागतो. तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका.

आट्यांवर ग्रीस किंवा पेस्ट फक्त उत्पादकाने सांगितलं असेल तरच. ग्रीस लागलेल्या आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट फार जास्त ताणला जातो. आणि बोल्टची टेकणारी बाजू बघा. गोल बैठकीच्या रिमला शंकूचा बोल्ट लावला तर तो फक्त एका कडेवर टेकतो. ५० ते ८० किमीनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

मध्ये एकच मोठा नट असलेली गाडी असेल तर घरी सुरुवातच करू नका. काहींना ६०० न्यूटन-मीटर लागतो.

---

बीडवाला

दुकानात समोर उभं राहून बघायचं ते सांगतो.

पहिलं, यंत्र. ३५च्या भिंतीचा टायर कडक असतो. लोखंडी पहारीने उचकटला तर रिमला ओरखडा आणि बीडला (रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेला) चीर ठरलेली. लिव्हरलेस यंत्र आणि प्लास्टिकचं संरक्षण असलेली जबडी आहेत का ते विचारा. बीड रिमपासून सोडवताना दाबणारा पंजा व्हॉल्व्हपासून लांब हवा. हवेचा दाब मोजणारा सेन्सर व्हॉल्व्हच्या मागेच असतो आणि एका दाबात फुटतो.

सेन्सर चांगला असला तरी त्याचा सर्व्हिस किट बदलून घ्या. त्यात रबरी सील, नट, व्हॉल्व्ह-कोअर आणि टोपी येते. कोअर निकेलचा मुलामा दिलेलाच हवा. साधा पितळी कोअर ॲल्युमिनियमच्या दांड्यात गंजून अडकतो आणि पुढच्या वेळी दांडाच तुटतो. सेन्सरची बॅटरी सात ते दहा वर्षं टिकते, बदलता येत नाही. २०१९चे सेन्सर असतील तर टायरसोबतच बदलले तर पुन्हा उतरवायची वेळ येत नाही.

टायर रिमवर चढवण्याआधी भिंत वाचा. "बाहेर" लिहिलेली बाजू चारही चाकांवर बाहेरच हवी, बाण असेल तर बाण फिरण्याच्या दिशेने. पिवळा ठिपका ही टायरची सर्वांत हलकी जागा. तो व्हॉल्व्हजवळ ठेवला की वजनं कमी लागतात. लाल ठिपका असेल आणि रिमवरही खूण असेल तर त्या दोन जुळवायच्या.

बीड बसताना दोनदा टक्क आवाज येतो. त्यासाठी ४० पीएसआयच्या वर हवा भरू देऊ नका. बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा वंगण लावून बघायचं. बसल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक उठावदार रेघ दिसते. ती सगळीकडे कडेपासून सारख्या अंतरावर आहे का ते दोन्ही बाजूंनी बघा.

वंगणाबद्दल एक सूचना. जास्त वंगण असेल तर जोरात पिकअप घेताना मागचं रिम टायरच्या आत फिरतं आणि बॅलन्सिंग बिघडतं. व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने एक रेघ मारून ठेवा. दोन दिवसांनी रेघ सरकलेली दिसली तर कारण कळलं. पहिला एक दिवस पूर्ण पॉवर लावू नका.

बॅलन्सिंगला चिकटवायची वजनं. जुनी खरवडून, जागा अल्कोहोलने पुसूनच नवी लावायची. ब्रेकचे कॅलिपर मोठे असतील तर चाक गाडीला लावल्यावर हाताने एक फेरा फिरवून बघा. वजन कॅलिपरला घासलं तर आवाज येतो. नंतर १०० ते १२०च्या वेगात स्टीअरिंग थरथरलं तर पुढचं चाक, सीट थरथरली तर मागचं. बॅलन्स बरोबर दाखवूनही थरथर जात नसेल तर रोड फोर्स मोजणाऱ्या यंत्रावर न्या. टायरची भिंत एका जागी जास्त कडक असते हे साध्या यंत्राला कळत नाही.

---

गोलगोल

नायट्रोजन भरावा का?

---

बीडवाला

कोरडी हवा असेल तर फरक नगण्य. खरा त्रास हवेतल्या पाण्याच्या वाफेचा, आणि तोही ट्रॅकवर. दाब मात्र थंड टायरमध्येच मोजा, गाडी तीन तास उभी असताना. तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण ०.१ बारने बदलतो. गरम टायरची "जास्त" हवा काढून टाकणं ही फार लोकांची चूक आहे. सकाळी तोच टायर कमी हवेवर उभा असतो.

---

टो_आणि_कॅम्बर

नवे टायर बसले की त्याच दिवशी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). आधी करून उपयोग नाही, झिजलेल्या टायरवर गाडीची उंची वेगळी असते. जाताना चारही टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी, आणि उत्पादक टाकी किती भरलेली असावी हे सांगत असेल तर तेवढी.

"हिरवं आलं" यावर समाधान मानू नका. छापील कागद मागा. मागच्या टोची मर्यादा बरीच रुंद असते. दोन्ही चाकं मर्यादेच्या टोकाला असली तरी यंत्र हिरवंच दाखवतं. तुमच्या टायरांना टो-इनची धार आहे, म्हणून मर्यादेच्या खालच्या अर्ध्या भागात आणायला सांगा, डावं-उजवं सारखं. शून्यावर किंवा टो-आउटकडे मात्र नेऊ देऊ नका. मागे थोडा टो-इन असतो म्हणूनच जोरात ब्रेक लावताना गाडी सरळ राहते. आणि थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला सरळ रेषेपासून किती तिरकं ढकलतात तो कोन) शून्याजवळ आहे का ते बघा. नसेल तर स्टीअरिंग वाकडं धरून गाडी सरळ जाईल.

---

रबरमापक

नवे टायर पहिले २००-३०० किमी घसरडे असतात. साच्यातून निघताना लागलेला थर पृष्ठभागावर असतो, तो घासून जायला वेळ लागतो. तोवर ओल्या रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नका.

थंडीत ७ अंशांखाली या उन्हाळी रबराची पकड पडते. शून्याखाली बऱ्यापैकी गेलेल्या तापमानात गाडी हलवली तर नक्षीला तडे जाऊ शकतात, तेव्हा साठवणीत ठेवलेली गाडी आधी उबदार होऊ द्या. झिजेची पट्टी १.६ मिमीला नक्षीशी सपाट होते, पण पाणी कापायची ताकद ३ मिमीखालीच झपाट्याने कमी होते. या रुंदीच्या टायरला ३ मिमी हीच बदलायची वेळ समजा.

---

वळणदार

चारही एकाच मॉडेलचे ठरले, मूळ मापात, खुणेचे. सेन्सर किटसह. मागचे बुश अलाइनमेंटआधी तपासून घेणार. पहिली तपासणी किती किमीला करू?

---

टो_आणि_कॅम्बर

१५०० किमीला. मागचं चाक काढून, नक्षीच्या खोबणींत डेप्थ गेज टाका: आतली, मधली, बाहेरची. तीनही आकडे तारखेसह लिहून ठेवा. आतल्या आणि मधल्यात अर्धा मिमीहून जास्त फरक दिसला तर पुन्हा अलाइनमेंटच्या यंत्रावर न्या, तोच छापील कागद बरोबर घेऊन.